आकडे

तांडापेठेत पहिल्यांदा शिरलो तेव्हा
हातात टॉर्च होता, बगलेत लांब वही,
आणि पाचव्या पावलालाच गल्लीला कळलं होतं.
"मीटरवाला आला वोऽ!"
छपरांवर बांबू सरसरले,
तारांवर टाकलेले आकडे भराभर उतरले,
आणि मी नाक्यावर उगाच
चपलेतला खडा काढत बसलो, तेवढ्यापुरता.
आकड्यांसाठीच तर आलो होतो.
कोणते लिहायचे, एवढंच ठरायचं होतं.

गोविंदा हेडाऊकडे मीटर मागाच्या वर.
वाचायचं तर खड्ड्यावरून तंगडी टाकावी लागे.
ताण्याला पाय लागला की म्हातारा
धोटा हातात धरून नुसता पाहायचा.
शिवी परवडली असती.
एक बल्ब, महिन्याला नऊ युनिट.
खड्ड्याचा माग वीज खात नाही,
गुडघे खातो.
भिंतीपलीकडे सख्ख्या भावाचं पॉवरलूम,
दोनशे, अडीचशे, दिवाळीच्या तोंडाला तीनशे.
दोन्ही बिलं मीच वाटायचो,
बोलणं त्यांचं तेवढंच.

नाली तेव्हा रंगीत वाहायची.
रंगाऱ्याच्या घरी जांभळं लुगडं निघालं
की खालच्या पोरांचे पाय जांभळे.
आज काय विकलं जाणार ते
इतवारीच्या आधी डुकरांना माहीत.

मग अडीचशेचे एकशे दहा झाले.
मग चाळीस. मग एके महिन्यात
जुनं वाचन आणि नवं वाचन एकच.
ऑफिसात विचारलं, घर बंद होतं का?
घर उघडं होतं, साहेब.
चहा पाजला मला.
लूम तेवढं किलोवर गेलं होतं.

आकडे पुन्हा चढले, ते भलत्याच अंगानं.
गोविंदाच्या सुनेनं, शेवंतानं,
खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी,
फरशीवर सहा टेबलं, बाहेर सावजीची पाटी.
दोन डीप फ्रीज, चारशे दहा युनिट.
"सासऱ्याच्या खड्ड्यावर तर्री उकळते भाऊ,
चांगली काहून नाही लागन?"
धाकट्या पातीनं तीन मजले चढवले,
वर डॉक्टरकीच्या परीक्षेची शिकवणी,
पोरं रात्री दोनपर्यंत वाचत बसतात,
बारा एसी.
मला वाटलं, या घरात रात्रपाळी
काही सुटत नाही.

पत्ते बदलले.
पिंपळाच्या मागे म्हणायचे,
आता पुलाच्या बासष्ट नंबर खांबामागे.
पिंपळ कोणत्या महिन्यात गेला
ते माझ्या वहीत नाही.
त्याला मीटर नव्हतं.

मी निवृत्त झालो, आणि वर्षभरात
नवी मीटरं आली, घराबाहेर, काचेच्या पेटीत.
आपली आपण वाचून वर कळवतात.
गल्ली चिडली. बिलं फुगली म्हणाली.
पोळ्याच्या पाडव्याला पोरांनी मीटरचा बडग्या केला,
खोक्याचं पोट, लाल बल्बाचा डोळा,
आणि माझ्याकडे येऊन म्हणाली,
"काका, जुना खाकी शर्ट द्या ना."
दिला. मीही मिरवणुकीत चाललो,
ईडा पीडा घेऊन जाय म्हणत,
माझ्याच शर्टामागे.
खिशात पेन्सिलीचा तुकडा राहिला होता,
जळताना आठवलं.

संध्याकाळी शेवंताकडे जेवायला गेलो.
दारातून तिसऱ्या टेबलाकडे जाताना
सपाट फरशीवर
माझी तंगडी आपोआप उचलली गेली,
उंच, ताण्याला लागू नये अशी.
नवा वेटर हसला.
गल्ल्यावरून शेवंतानं पाहिलं,
धोटा हातात असल्यासारखं,
आणि काही बोलली नाही.